सोळावं अक्षर

नेरूळ,
६ ऑक्टोबर १९९७

चि. वरद,

पोटभर आशीर्वाद. तुझी आई म्हणते, तू पुण्यात जेवतोस कमी आणि कॉम्प्युटरसमोर बसतोस जास्त. मी एसटीडी बूथवरून तिला म्हटलं, "माझ्या मावसबहिणीचा मुलगा माझ्या वळणावर नाही जाणार तर कोणाच्या?" तिने फोन ठेवून दिला.

आता तक्रार. मी संध्याकाळी हौसेने मदतीला जातो त्या बेलापूरच्या ब्रेल छापखान्यातला जुना कॉम्प्युटर जूनमध्ये जळाला. नवा आला, तू दिलेल्या सीडीवरून मी त्याच्यावर लिनक्स टाकलं आणि मराठीचं ब्रेल करणारा तुझा प्रोग्रॅम बसवला. तेव्हा चारचौघांत तुझी एवढी तारीफ केली की आता तोंड लपवायची वेळ आली आहे. दहावीचा भूगोल छापायला घेतला आणि अक्षरं गळायला लागली. 'गोदावरी'ची 'गोदवरी' झाली. कुठे दोन शब्द एकमेकांना चिकटले. छपाईयंत्र तेच, केबल तीच, कॉम्प्युटर नवाकोरा. मग राहिलं कोण? तूच.

पण इथे एक बाई तुझी वकिली करते आहे. गोजरा कोळी, छापखान्याची मुद्रितशोधक. जन्मापासून दिसत नाही. ब्रेलची पानं बोटांनी वाचून चुका काढते, अकरा वर्षं हेच काम. आई दिवाळे गावात मासळी विकते आणि लेकीची जीभ आईच्या कोयत्याइतकी चालते. "पुण्याच्या पोराने घोळ घातला" असं मी म्हटल्याबरोबर तिने पानावरची बोटं थांबवली. "सर, त्या पोराला कशाला दोष देता? त्याचा चुकला असता तं एकच अक्षर सगलीकरं चुकला असता. इथं कंचा पन अक्षर जातंय."

मला पटलं, पण तिला तसं सांगितलं नाही. तू एकदा बघ. मी हल्ली सकाळीही छापखान्यात जाऊ शकतो, रबाळ्याला कारखान्यात सध्या काम हलकं आहे.

तुझा,
अरविंदमामा
(सीनियर टेस्ट इंजिनिअर, तूर्त नापास)


पुणे,
१३ ऑक्टोबर १९९७

ती. अरविंदमामांना नमस्कार.

गोजराताईंना माझा साष्टांग. त्यांनी एका वाक्यात जे सांगितलं ते आम्हाला इथे अख्ख्या सत्रात शिकवतात. वकिलाची फी म्हणून पुढच्या वेळी चितळ्यांची बाकरवडी आणतो.

प्रोग्रॅममधून निघालेली फाईल कॉम्प्युटरमध्ये पूर्ण आहे का, एवढं आधी पाहा. पूर्ण असेल तर मी सुटलो. मग आरोपी दोनच, केबल किंवा कर्नेल. कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा. कॉम्प्युटरचा एकेक भाग त्याच्या हुकमाने हलतो. त्याचा सगळा मजकूर सीडीवर आहे आणि तो कोणालाही वाचता येतो. चूक सापडली तर कोणालाही दुरुस्तीही पाठवता येते. ती पसंत पडली तर मूळ प्रतीत जाते आणि मग जगभर सगळ्यांना मिळते. तुमचं छपाईयंत्र ज्या सीरियल पोर्टला, म्हणजे कॉम्प्युटरमागच्या खोबणीला, जोडलं आहे, तो भाग जर्मनीतले एक गृहस्थ सांभाळतात. पगार नाही, हौस म्हणून.

तुमच्याकडे इंटरनेट नसलं तरी काळजी नको. आमच्या संस्थेत ई-मेल आहे. तुम्ही फ्लॉपी धाडा, पुढचं टपाल मी सांभाळतो.

आपला,
वरद


नेरूळ,
५ नोव्हेंबर १९९७

चि. वरद,

तू निर्दोष सुटलास. फाईल पूर्ण होती. केबल बदलून पाहिली, तरी गळती चालूच. आणि गुन्हेगार कोणी पकडला ते ऐक.

चार दिवस गोजरा काही न बोलता पानं चाचपत होती. ती गप्प बसली की आम्हाला धडकी भरते. पाचव्या दिवशी हाक आली. "सर, इकरं या. मशीन सोलावं अक्षर खातंय. दर वख्ताला नाय, पन खातंय तवा सोलावंच."

मी मोजलं. पहिल्या ओळीत सोळावं गेलेलं, बत्तिसावं गेलेलं. दुसऱ्या ओळीत मात्र सहावं. म्हटलं, हे कुठे बसतं? तर म्हणते, "ओल सरली की मशीन दोन अक्षरं मनातल्या मनात बोलतंय. ती पन धरा." वरद, आमची ओळ चाळीस अक्षरांची. ओळ बदलायचे संकेत दोन, ते कागदावर उमटत नाहीत. चाळीस आणि दोन बेचाळीस, आणि सहा अठ्ठेचाळीस. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस! कागदावर जे नाहीच ते तिने बोटांनी मोजलं.

मग कर्नेल वाचायला घेतला. सीरियल पोर्टच्या चिपमध्ये सोळा अक्षरांची एक रांग असते. कर्नेल एका दमात सोळा अक्षरं तिच्यात ढकलतो. आमच्या नव्या कॉम्प्युटरमधल्या स्वस्तातल्या कार्डावरची चिप "मला सोळा झेपतात" असं सांगते आणि घाईच्या वेळी पंधराच सांभाळते. म्हणून मी असं केलं, की कॉम्प्युटर सुरू होतानाच चिपला तिचं तिच्याशी बोलायला लावायचं. सोळा अक्षरं आत घालायची, किती परत येतात ते मोजायचं. कमी आली तर पुढे तिला एकेकच अक्षर द्यायचं. नवा कर्नेल तयार व्हायला दोन तास लागले. तेवढ्यात दोन चहा झाले आणि गोजराचे चार टोमणे. मग तीस पानं छापली. एक अक्षर गळलं नाही!

आमच्यापुरतं काम झालं, पण खरी अडचण पुढेच आहे. अशीच पाच मशिनं, कॉम्प्युटरसकट, कोकणातल्या पाच अंधशाळांसाठी आणून ठेवली आहेत, कार्ड तेच. आमचे कार्यवाह शिवराम म्हात्रे म्हणतात, "साहेब, तुमी आज हाय, उद्या नाय. नवी सीडी आली की तुमची ठिगळं जातील. दुरुस्ती ओरिजिनलमधी आली तं मशिनं शाळांना देतो, नायतर जानेवारीच्या शेवटाला परत पाठवतो." माणूस बिल्डर आहे, ठिगळांची त्याला चांगली पारख. त्याचं चुकत नाही. मशिनं परत गेली तर त्या शाळांतली मुलं पुन्हा हाताने टोचलेल्या एकेका पुस्तकावर येतील, वर्गात वीस पोरं आणि पुस्तक एक.

तेव्हा ही दुरुस्ती जर्मनीला गेलीच पाहिजे. फ्लॉपी दोन पाठवतो आहे, एक बिघडली तर दुसरी. तुझ्या मीनामामीने दिलेल्या चकल्यांच्या डब्यात ठेवल्या आहेत, नुसत्या पाकिटात मोडतात. निवेदन मी इंग्रजीत नीट लिहिलं आहे. त्यातला एक शब्दही बदलू नकोस.

तुझा,
अरविंदमामा


पुणे,
१४ नोव्हेंबर १९९७

ती. मामांना नमस्कार.

चकल्या उत्तम. एका फ्लॉपीने तेल पिऊन प्राण सोडला, दुसरी कडेला होती म्हणून वाचली. मामींना सांगा, चकल्या मात्र एकही मोडली नाही.

मामा, तुमची दुरुस्ती चाळीस ओळींची आणि फरक निघाला नऊशे ओळींचा! तुम्ही सगळी फाईल झाडूनपुसून काढलीत. समासाची जागा बदलली, कंस सरळ केले, दुसऱ्यांच्या टिपांमधलं इंग्रजीही सुधारलंत. नळ गळतो म्हणून माणूस बोलावला आणि त्याने घराला रंग देऊन ठेवला, असं झालं. इथली रीत वेगळी आहे. एका पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या ठिगळात, एकच गोष्ट. जुना आणि नवा मजकूर यांतला नेमका फरक तेवढा पाठवायचा, काय बिघडलं होतं ते चार ओळींत सांगायचं, आणि दुसऱ्याची लिहिण्याची पद्धत आवडली नाही तरी तिला हात लावायचा नाही. कारण समोरचा माणूस एकेक ओळ डोळ्यांनी वाचून मगच ती घेतो. नऊशे ओळी पाठवणं म्हणजे त्याच्या रविवारवर दरोडा.

मी रंगकाम खरवडून चाळीस ओळी उरवल्या. तुमच्या कार्डावर त्या चालतात ना, ते सोबतच्या फ्लॉपीवरून एकदा पाहून घ्या. निवेदनाला मात्र सांगितल्याप्रमाणे हात लावला नाही. 'रबाळे येथील उपकरण प्रयोगशाळेत, स्टोरेज ऑसिलोस्कोप क्रमांक अमुकवर दोष आढळला' हे वाचून मलाच भारी वाटलं, विजेच्या खुणा पडद्यावर काढणारं यंत्र म्हणजे थट्टा नाही. फक्त गोजराताईंचा उल्लेख दिसला नाही. जागा कमी पडली का?

आज दुपारी पाठवलं.

वरद


पुणे,
२४ नोव्हेंबर १९९७

ती. मामांना नमस्कार.

जर्मन गृहस्थांचं उत्तर आलं. माणूस कामापुरतं बोलणारा दिसतो. ते म्हणतात, त्यांच्याकडच्या एकाही कार्डावर हा दोष दिसत नाही. बहुधा केबल खराब असावी. पण तुमच्याकडे ऑसिलोस्कोप आहेच, तर त्यावरचे आलेख पाठवा. पंधरा अक्षरं बाहेर पडून सोळावं गायब होतं हे आलेखात दिसलं, तर विचार करू.

म्हणजे आपलं काम झालंच म्हणा. कारखान्यातून आलेखाचे फोटो काढून पाठवा, मी स्कॅन करून लगेच धाडतो.

वरद


नेरूळ,
२ डिसेंबर १९९७

चि. वरद,

आशीर्वाद. प्रयोगशाळेत सध्या तपासणी चालू आहे, उपकरणं मिळणं कठीण. आणि ते जाणकार आहेत. केबल म्हणत असतील तर केबलच असेल. हा विषय इथेच थांबवावा. तू परीक्षेकडे लक्ष दे.

अरविंदमामा


बेलापूर,
१६ डिसेंबर १९९७

श्री. वरद यांस,
नमस्कार.

मी गोजरा कोळी. हे पत्र मी स्वतः टाईप केलं आहे. टाईपरायटरवर मला माझी चूक वाचता येत नाही, ती तुम्ही काढा. रोज मी दुसऱ्यांच्या काढते.

सर म्हणतात जर्मनीच्या साहेबांनी केबल खराब आहे असं सांगितलं, आणि प्रकरण मिटलं. मला पटत नाही. केबल आम्ही बदलली होती. मी सरांना म्हटलं, साहेबाने पान हातात घेऊन बघितलं का? सर फाईल चाळायला लागले. एरवी एकाला दोन ऐकवणारा माणूस. सकाळी नऊला येतात, संध्याकाळी सहाला जातात, आमच्या वाट्याचं कामसुद्धा करतात, पण कर्नेलचं नाव काढलं की उठून पाणी प्यायला जातात. शिवरामशेठनी पाचही मशिनं दाराजवळ आणून ठेवली आहेत. येता-जाता माझी काठी खोक्यांना लागते आणि मला टेन्शन येतं.

तुम्हाला एकच विचारायचं आहे. साहेबाला नक्की काय पाहिजे? पुरावा पाहिजे असेल तर तो मी देते. नवा कर्नेल टाकायच्या आधीची चाळीस पानं माझ्याकडे आहेत. त्यांच्यात दोनशे बारा अक्षरं गळाली आहेत. प्रत्येकाचं पान, ओळ आणि सुरुवातीपासूनचा क्रमांक मी लिहून काढला आहे. यादी सोबत आहे. दोनशे बाराच्या दोनशे बारा जागांना सोळाने भाग जातो. मी दोनदा तपासली आहे.

मी फार शिकलेली नाही. पण ही यादी चुकीची आहे असं कोणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

आपली,
गोजरा कोळी


पुणे,
२२ डिसेंबर १९९७

ती. मामांना नमस्कार.

गोजराताईंचं पत्र आणि यादी मिळाली. मी इथे आमच्या सरांना दाखवली. त्यांनी पाच-सहा आकडे स्वतः सोळाने भागून पाहिले, मग म्हणाले, "ह्या बाई नोकरी शोधत असतील तर मला सांग."

मामा, ही यादी आज पाठवली तर उद्या पॅच घेतील असं मला वाटतं. पण पाठवताना ऑसिलोस्कोपबद्दल काय लिहू? ते आलेख मागताहेत आणि आपण यादी पुढे करतोय. गोजराताई लिहितात, तुम्ही सकाळी नऊपासून छापखान्यात असता. मी जास्त काही विचारत नाही. तुम्ही लहानपणी मला पहिला सर्किट बोर्ड हातात दिलात आणि तो मी जाळला, तेव्हा तुम्हीही काही विचारलं नव्हतं. फक्त सांगा, मी काय लिहू.

आपला,
वरद


नेरूळ,
३० डिसेंबर १९९७

चि. वरद,

विचारलं नाहीस म्हणून सांगायला सोपं गेलं, नाहीतर आणखी एक थाप मारली असती.

कारखाना ऑगस्टमध्ये बंद झाला. सकाळी गेलो तर गेटवर नोटीस आणि कुलूप. सव्वीस वर्षांचा डबा हातात घेऊन परत आलो. तुझ्या आईला माहीत आहे, मीनाने तिला शपथ घातली होती. ऑसिलोस्कोप आहे, पण कुलपाच्या आत. मी तो ह्या कामाला कधी लावलाच नाही. प्रयोगशाळा, हुद्दा, तपासणी, सगळं खोटं लिहिलं.

का लिहिलं ते सांगतो, मग तू हस. आमच्या चाचणी अहवालाच्या फॉर्मवर एक रकाना असायचा, 'उपकरण क्रमांक'. तो रिकामा असला की साहेब न वाचता अहवाल फाडायचे. हाताला कळलं, कानाला ऐकू आलं, हे आमच्याकडे चालत नसे. तुझ्यासाठी निवेदन लिहीत होतो. 'दोष कसा आढळला' इथवर आलो आणि हात अडला. 'एका बाईच्या बोटांना' असं लिहू? जर्मनीत हसतील. म्हणून नंबर टाकला. तोंडपाठ होता. आणि एकदा प्रयोगशाळा घातल्यावर माणूस बेकार कसा दाखवायचा? म्हणून हुद्दा राहू दिला.

काल गोजराला सगळं सांगितलं. शिवराम म्हात्रेंना सांगताना जेवढी लाज वाटली नसती तेवढी वाटली. तिने हातातल्या पानावरची ओळ पुरी वाचली. मग म्हणाली, "म्हंजे माजी बोटां तुमी मशिनीच्या नावावर घातली?" म्हटलं, हो. "आनि त्या मशिनीला तुमी हात पन लावला नाय?" म्हटलं, नाही. "आनि नोकरी पन नाय?" म्हटलं, नाही. तेव्हा तिने हातातलं पान खाली ठेवलं. "सर, मी अकरा वर्सं हितं हाय. एका पन पुस्तकात माजा नाव नाय, मला चालला. पन माजा काम दुसऱ्याच्या नावावर मला नाय चालनार. आता कागद घ्या आनि खरा लिवा. समदा लिवा, तुमचा पन."

मी तिथेच बसून लिहिलं. तिने तीन वेळा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा वाचताना मी मध्येच थांबलो, तेव्हा म्हणाली, "चाय घ्या आनि परत सुरू करा." वरद, सव्वीस वर्षांत माझं काम इतक्या आस्थेने कोणी तपासलं नव्हतं. तिचे उपकार मी कसे फेडू?

मजकूर थोडक्यात असा. माझ्याकडे प्रयोगशाळा नाही, आलेख नाही, सध्या नोकरीही नाही. आधी लिहिलेलं खोटं होतं, त्याबद्दल क्षमा मागतो. दोष दिवाळ्याच्या गोजरा कोळी यांनी ब्रेलची पानं बोटांनी वाचून शोधला. त्यांची यादी सोबत आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका, यादी तपासा.

ह्या वेळी शब्द बदलावेसे वाटले तर बदल. पण खरं तेवढं राहू दे. आणि जर्मन गृहस्थांनी ह्या खोट्यापायी पॅच फेकून दिला, तर पाच शाळांना मी काय तोंड दाखवू ते मला माहीत नाही.

तुझा,
अरविंदमामा


पुणे,
१९ जानेवारी १९९८

ती. मामा, मामी आणि गोजराताई, तिघांनाही नमस्कार.

एकही शब्द बदलला नाही. पाठवलं आणि बारा दिवस काही नाही. मी रोज सकाळी कॉम्प्युटर रूमच्या दारात उभा राहून कुलूप उघडायची वाट पाहत होतो. आज उत्तर आलं. सगळंच्या सगळं मराठीत लिहितो, वेळ लागणार नाही:

"यादी तपासली. खराब केबलला सोळापर्यंत मोजता येत नाही. पॅच घेतला. आभार."

बस, एवढंच! नोकरीबद्दल नाही, खोट्याबद्दल नाही, एक अक्षर नाही. मात्र पॅचवरच्या टिपेत त्यांनी स्वतःच्या हाताने एक ओळ घातली आहे: दोष शोधला गोजरा कोळी, दिवाळे, दुरुस्ती अरविंद केळुसकर, नेरूळ. गोजराताईंची हरकत असेल तर काढतो, असंही म्हटलं आहे. मी परस्पर 'हरकत नाही' कळवलं. चुकलं असेल तर माझ्यावर कोयता चालवा.

आता माझाही एक कबुलीजबाब. नोव्हेंबरमध्ये कर्नेलवर काम करणाऱ्या आणखी एकाने टोचून लिहिलं होतं, "प्रयोगशाळेचा रुबाब नको, आकडे दाखवा." तुम्हाला लागेल म्हणून मी ते गाळलं. तेव्हाच कळवलं असतं तर आकडे गोजराताईंच्या पानांत होतेच, आणि गोजराताईंचे दोन महिने वाचले असते. तुम्हाला जपायला गेलो आणि कामाचं तेवढं खाऊन टाकलं. माफ करा.

नव्या प्रतीची सीडी आणि छापलेलं उत्तर सोबत आहे. शिवरामशेठना आधी दाखवा, मग चहा घ्या.

आपला,
वरद


बेलापूर,
९ मार्च १९९८

श्री. वरद यांस,
नमस्कार.

सर तुम्हाला लिहितीलच, पण ते स्वतःचं गाळतात म्हणून मी लिहिते. शिवरामशेठनी तुमचं उत्तर दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "ओरिजिनलमधी माज्या दिवाल्याचा नाव?" आणि त्याच दिवशी टेम्पो बोलावला. पाचही मशिनं गेली. लावून द्यायला सर गेले आहेत, प्रत्येक शाळेत आठ-आठ दिवस. कोकणात गेल्यापासून कोणी विचारलं की तुम्ही काय करता, तर सांगतात, कर्नेलची दुरुस्ती करतो. मीनाताईंना फोनवर स्वतःच हसत सांगितलं म्हणे.

तुमचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. जर्मनीच्या साहेबांचे पण. त्यांनी माझी यादी खरोखर बसून तपासली, दोनशे बाराच्या दोनशे बारा. माझं काम परत तपासणारा मला पहिल्यांदाच भेटला. त्यांना माझा नमस्कार कळवा. माझ्या आईला मी सांगितलं की माझं नाव कॉम्प्युटरच्या पोटात घातलं आहे. तिने विचारलं, "दुखतंय का त्याला?" मी म्हटलं, नाही गं, बरं वाटतंय.

एक सांगायचं होतं. पाच शाळांपैकी पहिलीने छापलेलं पहिलं पुस्तक परवा माझ्याकडे तपासायला आलं. लहान मुलांच्या गोष्टी आहेत. मी सकाळी बसले आणि संध्याकाळपर्यंत शेवटच्या पानावर आले. एक चूक सापडली नाही. मला आधी राग आला, वाटलं बोटं बधिर झाली. म्हणून परत पहिल्या पानापासून घेतलं, पण हळूहळू, काही शोधायचं नाही असं ठरवून.

त्यात एका म्हातारीची बकरी हरवते. हे पुस्तक आमच्या जुन्या छपाईत मी दोनदा तपासलं होतं, प्रत्येक वेळी चुकांच्या मागे. बकरी शेवटी घरी येते, हे मला परवा कळलं.

आपली,
गोजरा कोळी